जत्रेचा पाहुणा खेळाडू

एका सरकारी कंपनीने मला बॉल मारण्यासाठी नोकरीला ठेवलं होतं. कागदावर मी कारकून होतो, पण माझी खुर्ची कुठल्या मजल्यावर आहे हे मला लग्न ठरताना कळलं, तेही सासऱ्यांना जावयाचं ऑफिस बघायचं होतं म्हणून. मी दारातल्या शिपायालाच विचारलं, "मी कुठे बसतो हो?" त्याने अत्यंत आदराने आम्हा दोघांना माझ्या टेबलापाशी नेलं. सासऱ्यांनी टेबलावरून बोट फिरवून धूळ बघितली. मुलगी दिली, म्हणजे टेबल आवडलं असावं.

बाकी सगळी वर्षं मी उड्या मारल्या. सकाळी उड्या, संध्याकाळी उड्या, मधल्या वेळात वरण-भात आणि झोप. सिमेंटच्या कोर्टावर उडालो, लाकडी कोर्टावर उडालो, शेणाने सारवलेल्या अंगणासारख्या मैदानांवर उडालो. गाडीत वरच्या बर्थवर झोपायचो तर पाय बाहेर, आणि येणारा प्रत्येक चहावाला माझ्या घोट्यावर डोकं आपटून मलाच शिव्या देऊन जायचा. व्हॉलीबॉलमध्ये मी स्मॅशर होतो. नेटच्या वर आलेला बॉल पलीकडे खाली ठोकायचा, एवढंच काम. तो बॉल वर आणून देणारा असतो लिफ्टर. टाळ्या मला मिळायच्या, त्याला नाही.

माझा लिफ्टर मखमलाबादकडचा, माझ्याहून हातभर बुटका, त्याच कंपनीत त्याच खोट्या टेबलावरचा. आता तो झेंडू आणि गुलाब लावतो आणि पहाटे फुलं बाजारात नेतो. मी काय करतो? मी दुखतो. गुडघे जिना बघून दुखतात, कंबर खुर्ची बघून. उजव्या खांद्याला बघावं लागत नाही, तो आपला आपण दुखतो. डॉक्टरांनी खांद्याचा एमआरआय उजेडात धरून सांगितलं, आतला स्नायू फाटलाय. मी विचारलं, "ऑपरेशन करायचं की खेळणं सोडायचं?" ते म्हणाले, "दोन्ही."

मी दोन्ही टाळलं. कारण आमच्या जिल्ह्यात गावोगाव जत्रेला व्हॉलीबॉलच्या स्पर्धा होतात आणि प्रत्येक गावाला बाहेरचे दोन खेळाडू घ्यायची मुभा असते. त्यांना पाहुणे म्हणतात. पाहुण्याला गाडी येते, मटणाचं जेवण असतं, आणि कोर्टावर उतरला की माईकवाला त्याच्याबद्दल असं काही बोलतो की पाहुण्यालाच वाटतं, या माणसाला एकदा भेटलं पाहिजे. कंपनीतून बाहेर पडल्यावर मी दरवर्षी कुणा ना कुणाचा पाहुणा झालो. वर्षभर दुखायचं आणि जत्रेला दोन तास खेळाडू व्हायचं, असा माझा प्रपंच होता.

या वर्षी पिंपळगावच्या एका द्राक्षवाल्याचा फोन आला. पोरगा तिशीचा, द्राक्षं निवडून खोक्यात भरायचं स्वतःचं पॅकहाउस, स्वतःची टीम.

"दादा, यंदा तुम्ही आमच्याकडून. नाही म्हणायचं नाही."

"रविवारी येऊन खेळून बघतो," मी म्हणालो. "मग सांगतो."

बायको भाजी निवडत ऐकत होती. "रविवारी तिथे जाऊन काय बघायचंय? खांदा तर घरीच असतो की तुमच्याबरोबर."

"कोर्टावर वेगळं असतं."

"वेगळं म्हणजे? तिथे दुसरा लावून देतात का?"

मग ती उठली आणि जाता जाता म्हणाली, "रात्री कूस बदलताना तुम्ही ओरडता. तुम्हाला ऐकू येत नाही. मला येतं." मी तिला शब्द दिला की रविवारी जमलं नाही तर पाहुणेपण बंद, सोमवारी डॉक्टरांना फोन. जमलं तर मात्र यंदा खेळणार. तिने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही.

लिफ्टरला बरोबर घेतलं. गाडी मी चालवली. वाटेभर तो झेंडूच्या भावावर बोलत राहिला आणि पिंपळगाव जवळ आल्यावर म्हणाला, "खांदा कसा हाय?"

"उत्तम."

"लय खोटारडा हायस तू."

मैदान पॅकहाउसच्या मागे. माती पाणी मारून दाबलेली, चुन्याच्या रेषा ताज्या, आणि बाजूने रिकामे कॅरेट रचून बसायची सोय केलेली. सुट्टी झालेली माणसं कॅरेटवर बसली होती. एका कडेला सुरगाण्याकडून हंगामाला आलेल्या मुली घाम पुसत होत्या. दिवसभर द्राक्षं निवडायच्या आणि संध्याकाळी खेळायच्या. द्राक्षवाल्याने त्यांचीही टीम केली होती, आणि त्यांचा सराव थांबवून आम्हाला मैदान दिलं होतं.

द्राक्षवाल्याच्या टीमची पोरं दोन बाजूंना वाटली आणि खेळ सुरू झाला. पहिला बॉल लिफ्टरने दिला तो जुन्या पद्धतीने, नेटपासून जरा लांब, माझी वाट बघत थांबलेला. मी धावलो. उडी म्हणण्यासारखी उडी झाली नाही, टाचा उचलल्या एवढंच. हात फिरवला. बॉल समोरच्या मातीत असा गेला की धूळ उडाली.

कॅरेटवरून शिट्ट्या आल्या. मी खांद्याकडे लक्ष दिलं. दुखला, पण दबून दुखला. दुसरा बॉल मारला, तोही खाली. समोर पॅकहाउसचा एक उंच पोरगा माझा बॉल अडवायला ब्लॉकला उभा होता, मी त्याला म्हणालो, "बाळा, डोळे मिटू नकोस, शिकायला मिळणार नाही." तिसऱ्याला मी नमस्कार करून मारला. पुढच्याला मारायच्या आधीच सांगितलं कुठे मारणार. कॅरेटवरच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. किती वर्षांनी कोणी माझ्या खेळाला हसत होतं, माझ्या चालण्याला नाही! मी नाचायचा तेवढा बाकी होतो.

"दादा, ठरलं ना?" द्राक्षवाला ओरडला.

"ठरलं!" मी ओरडलो. त्याने तिथूनच फ्लेक्सवाल्याला फोन लावला.

पाणी प्यायला थांबलो. त्या मुलींमधली एक पुढे आली. हातांना द्राक्षाच्या रसाचे डाग.

"काका, तुमचं झाल्यावर नेट असंच ठेवा हां. आम्हाला परत सोडून बांधायला नको."

"असंच म्हणजे?"

"मुलींच्या उंचीवर हाय ना. आमचंच हाय ते."

मुलींचं नेट पुरुषांच्या नेटपेक्षा वीतभर खाली असतं. माझा सगळा पराक्रम त्या वीतभरात मावत होता.

आता हे कोणाही खेळाडूच्या लक्षात यायला हवं होतं. आम्ही कोर्टावर आलो की आधी नेटखाली उभे राहतो, हात सरळ वर करतो. माझ्या मधल्या बोटाचं पेर नेटच्या वरच्या पट्टीला लागलं की नेट बरोबर. टेपने मोजणारे पंच नंतर येतात. त्या दिवशी मी हात वर केलाच नव्हता. धावून फिरवला नाही तर कानाच्या वर तो जात नाही, आणि कॅरेटवर माणसं बसली होती.

"तुम्हाला कोणालाच कळलं नाही?" मी पोरांना विचारलं.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. तो उंच ब्लॉकर जमिनीकडे बघत म्हणाला, "कळलं होतं काका. आम्हाला वाटलं, तुमच्यासाठी ठेवलंय."

द्राक्षवाला घाईने म्हणाला, "मला वाटलं तुम्हीच सांगितलं असेल दादा. सिनियर माणूस. मग बोलायचं कसं?"

सगळ्या गावाने माझा मान राखला होता. मी लिफ्टरकडे वळलो.

"आणि तू?"

"पहिल्याच बॉलला कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू हसत होतास," तो म्हणाला.

मी नेट वर घ्यायला सांगितलं. द्राक्षवाला म्हणाला, "दादा, राहू द्या ना, आज सराव तर आहे." पण पोरांनी दोर सोडून नेट वर बांधलं. खालून बघितलं तेव्हा ते मला फार उंच वाटलं, आणि याच नेटवर आयुष्य गेलं हे आठवून आणखी उंच वाटलं.

लिफ्टरने बॉल दिला. मी धावलो, मारला, बॉल पट्टीवर आपटून माझ्याच पायाशी पडला. त्याने दुसरा दिला. तोही जाळ्यात. कॅरेटवरच्या शिट्ट्या थांबल्या होत्या, ते मला जास्त लागलं. "अजून एक," मी म्हणालो. त्याने तो इतका सुंदर दिला, जराही न फिरता नेटच्या वर थांबलेला, की असा बॉल मला विशीतही क्वचित मिळाला असेल. मी खाली पोचलो, आणि हात वर गेलाच नाही. बॉल सावकाश खाली आला आणि माझ्या कपाळावर पडला.

कोणीतरी हसलं. मग दोघं-तिघं हसली. मी वाकून सगळ्या बाजूंना नमस्कार केला, अगदी पडदा पडताना करतात तसा, कारण दुसरं काय करणार? टाळ्याही मिळाल्या. वाकलेला सरळ झालो तेव्हा मात्र मला एकदम थकवा आला. त्या संध्याकाळचा नव्हता तो. फार दिवस कुठेतरी उभा राहून माझी वाट बघत असावा.

"नाही जमणार," मी द्राक्षवाल्याला म्हणालो. "दुसरा पाहुणा बघ."

"दादा, तुम्ही नुसते कोर्टावर उभे राहा ना. फ्लेक्स टाकायला दिलाय."

"मग त्यावर लिही, प्रमुख पाहुणे."

त्याने क्षणभर विचार केला आणि फोन लावला. "हां, ऐक. दादांचा फोटो खेळाडूंच्या रांगेतनं काढ. वर मोठ्या गोलात घे." मग माझ्याकडे वळून खुशीत म्हणाला, "गोल मोठा येईल दादा."

मुलींनी तोपर्यंत आपलं नेट पुन्हा खाली घेतलं होतं. त्यांचा पहिला बॉल पडायच्या आत आम्ही निघालो. मी किल्ली लिफ्टरकडे दिली. त्याने नाटक न करता घेतली, सीट पुढे ओढली, आरसा स्वतःच्या उंचीला लावला.

हायवेला कांद्याच्या टेम्पोंच्या मागे आम्ही रांगत होतो. तो म्हणाला, "वहिनींना सांग आत्ताच. घरी गेल्यावर तू गोष्ट करून सांगशील."

मी डाव्या हाताने फोन लावला.

"जमलं का?" तिने विचारलं.

"नाही."

मला वाटलं ती म्हणेल, सांगितलं होतं. ती म्हणाली, "बरं." फोन तिने ठेवला नाही, मी ठेवला नाही, आणि तसाच तो कानाशी धरून मी ओझरपर्यंत आलो.