अण्णांचं नाक आणि बारवीच्या रस्त्यावरचा चहा

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरातल्या गाडी-घरवाल्यांनो, आपण सगळे एकाच गोष्टीला कंटाळलोय. जुनी ट्रॅव्हलर गाडी घेऊन तिचं फिरतं घर करायला गेलं, की कारागीर गाद्या दाखवतात, पडदे दाखवतात, रंगीत दिवे दाखवतात. गॅसचं विचारलं की उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या वर्कशॉपवाल्याने मला दिलं तेच उत्तर: "टेन्शन मत लो दीदी, घर में भी तो सिलिंडर है!"

अहो, घर खड्ड्यांतून धावतं का?

हे ओरडून सांगायची ताकद उरली नाही, म्हणून लिहितेय.

शनिवारी सकाळी मी आणि माझे वडील, अण्णा, आमच्या गाडी-घरातून बारवी धरणाकडे निघालो. मागे तापाने अण्णांना वास येणं बंद झालं, ते परत सुरू झालंच नाही. "नाक गेलंय, पण अजून कापलेलं नाही," म्हणतात. चहा मात्र त्यांचाच. चव धड कळत नाही, तरी माझा चहा पाणचट!

अंतर किरकोळ आहे, पण वेळ दुप्पट धरा. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळ मोठी गाडी लावायला जागा मिळेना. लांब लावून चालत गेलो. बदलापूरच्या कात्रपला आत्याने जेवू घातलं आणि सुनावलंही: "घरात पंखा असताना डब्यात झोपायची हौस कुठली रे तुला?"

"डब्यात चहा माझ्या हातचा असतो," अण्णा म्हणाले.

पुढे बारवीच्या रस्त्याने हाडं खिळखिळी केली. मुक्काम एका शेतकऱ्याच्या आवारात: जागा, विहिरीचं पाणी आणि रात्रीची भाकरी-भाजी मिळून पाचशे रुपये. मी इतकी दमले होते की सिलिंडरची पेटी न बघताच झोपले.

सकाळी विहिरीवर तोंड धूत होते. शेतकरीणकाकू दूध घेऊन गाडीच्या दाराशी गेल्या आणि किंचाळल्या, "ताई, गॅसचा वास येतोय गो!"

आत अण्णा. हातात काडेपेटी.

"अण्णा, काडी ओढू नका! बाहेर या!"

"ओरडतेस काय? साखर कमीच घालतोय!"

हाताला धरून त्यांना बाहेर काढलं. दारं-खिडक्या उघडल्या, रेग्युलेटर बंद केला, दिव्याच्या बटणाला हात लावला नाही. पेटी उघडली तर तळाच्या भोकात फडकं कोंबलेलं.

"धूळ येत होती," अण्णा पुटपुटले.

हा गॅस हवेपेक्षा जड. गळला की खाली बसतो. तो गाडीबाहेर जावा म्हणूनच ते भोक. वर्कशॉपवाल्याने पडद्याची दोरी कशी ओढायची हे दोनदा दाखवलं होतं. भोकाबद्दल चकार शब्द नाही.

"म्हणजे आता चहा बंद," अण्णा विहिरीकडे बघत म्हणाले. ज्याला वास येत नाही, त्याच्या हाती काडेपेटी कशी देऊ?

वास पार गेल्यावर काकूंकडून साबणाचं पाणी घेतलं. शेगडीची बटणं बंद ठेवून रेग्युलेटर क्षणभर उघडला आणि सांध्यांना फेस लावला. नळीच्या क्लिपपाशी बुडबुडे फुगू लागले. खड्ड्यांनी क्लिप ढिली केली होती.

अण्णा वाकले. "अगं, हा गॅस तर दिसतो!"

रेग्युलेटर बंद केला आणि चहा काकूंच्या चुलीवर घेतला. बदलापुरात गॅस एजन्सीच्या माणसाकडून नळी आणि क्लिप दोन्ही बदलून घेतल्या. गॅस गळला की वाजणारं यंत्र जमिनीलगत बसवलं. पेटीचं भोक मोकळं. सिलिंडर उभाच, पट्ट्याने आवळलेला. गाडी चालताना बंद.

घरी आले तरी पाठ अजून दुखतेय. बारवीचं पाणी फारसं आठवत नाही. आठवतो तो त्या बुडबुड्यांवर वाकलेला म्हातारा चेहरा. आता अण्णा आधी फेस लावतात, चष्मा चढवून सांधे बघतात, मगच काडी ओढतात. चहा त्यांचाच राहिला.

तुमचं नाक शाबूत असेल, तरी त्याच्या भरवशावर राहू नका. पुढच्या मुक्कामी शेगडी पेटवण्याआधी गॅसच्या प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावा.