चेन लावायला माणूस

इथे नेदरलँड्समध्ये, आल्मेरेतले आमचे एक मराठी शेजारी भर हिवाळ्यातही रविवारी झीलंडच्या समुद्रात बुडी मारायला जातात. डायव्हिंगच्या सूटची चेन पाठीवर असते, ती लावायला दुसरं माणूस लागतं, म्हणून मला बरोबर नेतात. खरं तर त्यांच्याबरोबर बुडी मारणारा डच जोडीदार तिथे असतोच. मग मी कशाला, हे मला अजून कळलेलं नाही.

हातमोज्यांत थर्मासमधलं कोमट पाणी ओतून, पाठीवर सिलिंडर आणि कमरेला बुडण्यासाठी शिशाची वजनं बांधून ते बांधाच्या पायऱ्या उतरतात. परत चढताना दर चार पायऱ्यांवर थांबतात. "बगळा बघतोय," म्हणतात. बगळा कुठेही नसतो.

पाण्यात शिरताना म्हणतात, "जातो."

"अहो, येतो म्हणावं!" मी दरवेळी ओरडते. ते नुसते हसतात.

गेल्या रविवारी वर आले तेव्हा ओठ निळे पडले होते. बोटं इतकी बधिर, की कप धरवेना. चहा मीच पाजला. दोन घोट घेऊन ते मागे वळले आणि त्या करड्या पाण्याला, घरच्यांचा निरोप घ्यावा तसं, हळूच म्हणाले, "येतो."

त्यांची चेन उघडायची राहिली आहे, हे माझ्या लक्षातच आलं नाही.