सुलभाच्या शेवटच्या गोष्टीतल्या लाल खुणा

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता आणि आजही नाही. मी सातवी शिकलेला माणूस, जन्म लेथ मशीनवर गेला. जे मापात बसतं ते खरं, बाकी सगळी बडबड... एवढंच मला कळतं. मोबाईलवर एका बोटाने लिहितोय, चुका सांभाळून घ्या.

माझी बायको सुलभा भयकथा लिहायची. तीस वर्षं दिवाळी अंकांत तिच्या गोष्टी आल्या. तिचाही विश्वास नव्हता. कोणी विचारलं तर म्हणायची, "भुतं असती तर डोकं कशाला खाजवत बसले असते? त्यांनाच विचारून लिहिलं असतं." लोकांना वाटायचं बाई रात्री दिवा लावून लिहीत असणार. रात्री दहाला ती घोरत असायची. कोपरीला आमची दुसऱ्या मजल्यावर खोली, तिथे ती भर दुपारी स्वयंपाकघरात फतकल मारून, पाटावर कागद ठेवून लिहायची.

लिहून झालं की मला वाचून दाखवायची. मी समोर बसून भिजवलेले वाल सोलायचो. वाचताना तिचं लक्ष माझ्या हातांवर. हात थांबला की त्या ओळीला समासात लाल पेन्सिलीची खूण. शेवटची खूण जिथे पडेल तिथे गोष्ट संपली, पुढचं ती खोडून टाकायची. मी एकदा म्हटलं, "अगं, तोंडाकडे बघ ना माझ्या." तर म्हणाली, "तोंडाने तुम्ही खोटं बोलता. माझ्या वांग्याच्या भाजीला चांगली म्हणता."

मला ऐकवल्याशिवाय तिची एकही गोष्ट घराबाहेर गेली नाही. शेवटची सोडून.

गेल्या वर्षी ती अठरा दिवस हॉस्पिटलमध्ये होती. कागद तिथेही नेलेले. दुपारी म्हणायची, "बसा जरा, वाचते." मी म्हणायचो, "घरी गेल्यावर वाच." मला वाटायचं, असं म्हटलं की ती घरी येईल. आणि मी खाली चहाला निघून जायचो. ती घरी आली नाही. कागदांची पिशवी आली, ती मी कपाटावर ठेवली, उघडली नाही.

दोन महिन्यांपूर्वी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "बाई म्हणालेल्या शेवट राहिलाय म्हणून. आमच्याकडचा एक लेखक शेवट लिहून देईल. नाव बाईंचंच राहील, काका." मी नाही म्हटलं. डोंबिवलीला माझी मुलगी असते, मनीषा. ती चिडली. "मग आईचं शेवटचं लिखाण पिशवीतच कुजू द्यायचं का?" मी म्हटलं, "आधी मला वाचून दाखव. मग बघू."

पिशवी घेऊन तिच्याकडे गेलेलो. दुपारचे तीन वाजलेले. तिने वाल भिजवून ठेवले होते, मी सोलायला बसलो. गोष्ट एका एकट्या बाईची, जिच्या शेजारच्या बंद घरात रोज कोणीतरी खुर्ची सरकवतं. मनीषा वाचता वाचता थांबली.

"बाबा, तुमचा हात थांबतो तिथे आईची खूण आहे. तीनदा झालं."

"असेल. चव्वेचाळीस वर्षं तिने हेच हात बघितले. ओळखत होती मला."

ती पुढे वाचायला लागली. गोष्टीतली बाई दूध तापवत होती, त्यात घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. तेवढ्यात बेल वाजली आणि माझा हात थांबला. सिलिंडरवाला होता. त्याच्याकडून सिलिंडर आत ठेवून घेतला, परत येऊन बसलो. मनीषा पानाकडेच बघत बसलेली.

"दुधाच्या ओळीलाही खूण आहे."

"सांगितलं ना, ओळखत होती मला."

"सिलिंडरवाल्यालाही ओळखत होती का?"

मी म्हटलं, "वाच पुढे."

शेवटी ती बाई दार उघडं ठेवते आणि चहाचे दोन कप मांडते. मी हात थांबवून पुढच्या ओळीची वाट बघत राहिलो.

"संपलं, बाबा," मनीषा म्हणाली. "खाली खूण आहे."

मी पाचही खुणा स्वतः बघितल्या. जुन्या, बोटं लागून पुसट झालेल्या. मनीषाकडे पेन्सिल नव्हती, आणि असल्या बाबतीत ती चेष्टा करणारी नाही.

हॉस्पिटलात सुलभाच्या शेजारच्या खाटेवर कळव्याच्या एक बाई होत्या. बऱ्या होऊन घरी गेल्यात. त्यांना मी फोन केला. त्या म्हणाल्या, "रोज दुपारी वाचायच्या की. हळू आवाजात, तुमच्या स्टुलाकडे बघून. मध्येच थांबून लाल पेन्सिलीने काहीतरी करायच्या. मी विचारलं, कोणाला वाचून दाखवता? तर म्हणाल्या, ह्यांना."

"मी तर खाली असायचो."

"ते मला दिसत होतं हो. मी त्यांना तसं म्हटलंसुद्धा. हसल्या नुसत्या."

फोन ठेवला. ती बोलवत होती तेव्हा मी पाच मिनिटं बसलो नाही... हे माझं मला माहीत. मग ते स्टूल बघून तिला काय दिसलं, आणि डोंबिवलीत वाजणारी बेल तिला महिनोन् महिने आधी कशी कळली? मी खूप डोकं चालवलं. मापात बसत नाही.

दुसऱ्या दिवशी कागद संपादकांना नेऊन दिले आणि सांगितलं, गोष्ट पूर्ण आहे, एक अक्षर जोडायचं नाही.

गोष्ट वाचून ते म्हणाले, "पण काका, दुसरा कप कोणाचा? वाचकांना कळणार नाही."

मी म्हटलं, "मलाही कळलेलं नाही. छापा."