मानमोईच्या गळ्यातला बेडूक

आमची मानमोई अख्ख्या बाजारात तोंडाळ म्हणून प्रसिद्ध. माझं लोणच्याचं दुकान तिच्या दुकानाला खेटून, त्यामुळे तिच्या शिव्यांची पहिली धनीण मीच. मुळ्याचं सारण भरलेले तांदळाचे उंडे ती वाफवते आणि गिऱ्हाइकाला सुनावते, "दाबून काय बघतोस? नवरी पसंत करायला आलायस?" हे सगळं अर्थातच हाक्का भाषेत. आमच्या मियाओलीच्या डोंगरात दुसरं काय बोलणार?

पण घरात पाऊल टाकलं की हीच बाई मुकी. मुलगा वेन-पिन जन्मला तेव्हापासून त्याच्याशी ती फक्त राष्ट्रभाषेत, म्हणजे सरकारी चिनीत बोलली. आणि तिची राष्ट्रभाषा म्हणजे सगळा आनंदीआनंद. "जेवलास? गार आहे. स्वेटर घाल." एवढ्या भांडवलावर तिनं पोरगा वाढवला, इंजिनियर केला. लहानपणी तो तापानं फणफणायचा, तेव्हा त्याला थोपटताना तिच्याकडे शब्दच नसायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "अगं मेले, आपल्या बोलीत बोल की!" तर म्हणाली, "आणि त्याच्या गळ्यात पाटी पडू देऊ?"

त्या पाटीचं असं. आम्ही दोघी गावच्या शाळेत एकाच वर्गात होतो. राष्ट्रभाषेशिवाय काही बोललं की मास्तर गळ्यात लाकडी पाटी अडकवायचे, 'मी गावठी बोलणार नाही.' सुटका एकच. दुसऱ्या कुणाला तरी बोलताना पकडायचं आणि पाटी त्याच्या गळ्यात घालायची. एकदा मानमोईचा डबा सांडला आणि तिच्या तोंडून 'आई गं' निघालं, तेही हाक्कात. झालं, पाटी आली. पण पोरगी अशी हट्टी, की तिनं कुणाला पकडलंच नाही. आम्ही तिच्या देखत बोलायचो, तरी ही कान बंद करून बसायची. मास्तरांनी छड्या मारल्या, उन्हात उभं केलं. शेवटी बापानं तिला शाळेतूनच काढलं. त्यानंतर त्या फाटकाच्या आत ती गेली नाही. वेन-पिनलाही बाहेर सोडून मागे फिरायची.

आता काळ फिरलाय. त्याच शाळेत फान बाई आठवड्यातून एक तास हाक्का शिकवतात. वेन-पिन शहरात नोकरीला, त्याची मुलगी निंग आजीपाशी असते. मागच्या महिन्यात ती दुकानात येऊन आजीच्या मागेच लागली. आजीला ती आपो म्हणते.

"आपो, फान बाई म्हणाल्या, आजीला वर्गात आणा. आजीनं आपल्या भाषेत बोलायचं. मी हो सांगून बसलेय!"

"मला वेळ नाही."

"तू माझ्याशी त्या भाषेत कधीच बोलत नाहीस. लोणचेवाल्या आजीशी मात्र दिवसभर बोलतेस!"

पोरीचे डोळे भरून आले. मानमोईनं उगाच फडकं झटकलं आणि मला म्हणाली, "तू पण चल बाई. आत माझं तोंडच उघडलं नाही तर?" साऱ्या बाजाराला गप्प बसवणारी बाई, आणि हे विचारत होती!

शेवटी आम्ही दोघी शाळेत गेलो. फान बाई अगदी पोरसवदा, गोड. उंड्यांची टोपली पाहून पोरांनी टाळ्या पिटल्या. मी मागच्या बाकावर बसले. मानमोई फळ्यापुढे उभी राहिली, फळ्याकडे बघितलं, आणि तिच्या तोंडून निघालं ते राष्ट्रभाषेत, तसंच मोडकंतोडकं.

"मुलांनो... जेवलात?"

वर्ग खिदळला. "बेडूक! आपोला बेडूक!"

फान बाईंचा तो खेळ होता. या तासाला जो राष्ट्रभाषेत बोलेल, त्याच्या गळ्यात पुठ्ठ्याचा हिरवा बेडूक. पुढचा चुकणारा सापडला की बेडूक त्याला. त्या दिवशी तो नेमका निंगच्या गळ्यात होता. ती हसत हसत आली आणि तिनं तो आजीच्या गळ्यात घातला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या मास्तरणीला काय काय सुनवावं असं झालं! पण ती बिचारी पोरांबरोबर हसत होती. तिला त्या पाटीबद्दल कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. आम्हीच तोंडं शिवून बसलो, मग तिला कळणार कुठून?

मानमोई गळ्यातली दोरी मुठीत धरून उभी. चेहरा पांढराफटक. निंगचं हसू विरलं.

"आपो, काय झालं?" पोरगी घाबरली होती. "हे बघ, मी पण राष्ट्रभाषेत बोलले! मला पकड ना. दे तो मला." तिनं हात पुढे केला.

मानमोईनं त्या हाताकडे बघितलं.

"नाही," ती म्हणाली. हाक्कात. "तुला नाही देणार. कुणालाच नाही देणार."

तिनं बेडूक गळ्यातून काढला, बाईंच्या खुर्चीवर ठेवला आणि स्वतः त्याच्यावर बसली. पुठ्ठा कर्रकन मोडला. फान बाईंचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"बघताय काय?" टोपलीवरचं फडकं ओढत मानमोई थेट बाजारातल्या आवाजात ओरडली. "या इकडे! आणि दाबून बघू नका, नवरी पसंत करायची नाहीये!"

निम्म्या पोरांना काही कळलं नाही, पण हसली सगळी. निंग सगळ्यांत आधी धावली. मानमोईनं तिला मांडीवर ओढलं, घास भरवला आणि थोपटत बोलत सुटली. माझी सोनी, माझं पाखरू, भूक लागली का गं माझ्या राणीला... वेन-पिनला जे कधी म्हणता आलं नाही, ते सगळं. मागच्या बाकावर मी बाहीनंच डोळे पुसत होते.

निंगनं घास गिळला आणि चाचरत हाक्कात म्हणाली, "आपो, अजून."

"घे की, टोपलीभर आहेत."

"उंडा नको," पोरगी म्हणाली. "बोल."