ठासणीच्या पिस्तुलात खोबरेल

सासूबाई पहिल्यांदा आमच्याकडे जर्मनीत, नेकारसुल्मला आल्या, त्या वर्षी खंडेनवमीच्या पूजेला आमच्या घरात हत्यार म्हणून निघालं काय, तर एक स्क्रू-ड्रायव्हर आणि नवऱ्याचा लॅपटॉप. सासूबाईंचं तोंड उतरलं. मग मीच आगाऊपणा केला. म्हटलं, खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजोबांकडे खरं पिस्तूल आहे.

आजोबा एकोणऐंशी वर्षांचे, गावातल्या नेमबाजीच्या फेराइनचे, म्हणजे क्लबचे, जुने सभासद. पिस्तूल ठासणीचं. नळीत तोंडाकडून दारू आणि गोळी ठासायची, मागे तांब्याची टोपी बसवायची, चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो. आमची विनंती ऐकून त्यांनी तळघरातल्या कामाच्या टेबलावर इस्त्री केलेला टॉवेल अंथरला, नळी रिकामी असल्याचं दोनदा दाखवलं आणि स्वतः शर्ट बदलून आले. सासूबाईंनी हळदकुंकू, झेंडू वाहिला. मी पेढे काढेपर्यंत त्यांनी घोड्याच्या फटीत चार थेंब खोबरेलही सोडलं. "किती कोरडं ठेवलंय गं," म्हणाल्या. पुण्यात त्यांची विळी, कात्री, शिलाई मशीन सगळं खोबरेलावरच चालतं, त्यामुळे मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

नोव्हेंबरात एका शुक्रवारी आजोबा जिन्यात भेटले, ते पडलेल्या चेहऱ्यानं. सरावात नेम लागत नव्हता. घोडा रेंगाळत पडायचा, तेवढ्यात हात हलायचा, कधी टोपी फुटायचीच नाही.

"पण घरी, स्वयंपाकघरात बघितलं तर घोडा खटकन पडतो," ते म्हणाले. "म्हणजे दोष पिस्तुलात नाही, माझ्यात आहे. वय झालं."

रविवारची स्पर्धा झाली की फेराइन सोडायचं त्यांनी ठरवलं होतं. बायको गेल्यापासून ते आठवड्यातून दोनदा माणसांत जायचे, ते तिथंच. मला फार वाईट वाटलं, आणि मी "असं काही नसतं हो" छापाचं काहीतरी बोलून वर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्याला तेल लावायला बाटली उचलली, तर खोबरेल पांढरं, दगडासारखं. नेहमीप्रमाणे ती वितळायला हायट्सुंगवर, म्हणजे खोलीतल्या हीटरवर, ठेवली आणि तिथंच उभी राहिले. आजोबांचं स्वयंपाकघर उबदार, नेमबाजीचा हॉल थंडगार. मी दोन पदव्यांची इंजिनियर, आणि रात्रभर हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"अहो आई, खाली चला. आपण त्यांचं पिस्तूल गोठवलंय."

"तेलानं कधी काही बिघडतं का?" असं म्हणत त्या आल्या, पण माझ्या मागेमागे.

आजोबांनी माझा कबुलीजबाब शांतपणे ऐकला, चष्मा लावला आणि दोन स्क्रू काढून लॉक, म्हणजे घोडा आणि स्प्रिंगा बसवलेली पट्टी, लाकडातून अलगद बाहेर काढलं. स्प्रिंगेच्या कडेनं घट्ट पांढरा थर, त्यात हळद, कुंकू आणि झेंडूची अर्धी पाकळी. पूजा अगदी यथासांग झाली होती. आजोबा स्पिरिट आणि जुना टूथब्रश घेऊन घासायला लागले. कोपरे नीट निघत नाहीत म्हणून सासूबाईंनी दोन मिनिटांत ब्रश त्यांच्या हातातून काढून घेतला. शेवटी पातळ मशीन ऑइलचा एकच थेंब, तोही आजोबांनी स्वतः दिला. बाटली त्यांनी सासूबाईंपासून लांब ठेवली.

जोडलेलं पिस्तूल तळघराच्या उघड्या खिडकीत तासभर गार केलं. मग घोड्याखाली चामड्याचा तुकडा धरून आजोबांनी चाप ओढला. घोडा खटकन पडला. पुन्हा ओढला, पुन्हा तसाच.

आजोबा स्टुलावर बसले. उजवा हात पुढे धरून बराच वेळ बघत राहिले.

"म्हणजे हात ठीक आहे," ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. मी काही भाषांतर केलं नाही. सासूबाईंनी आपला पदर डोळ्यांना लावला होता.

रविवारी संध्याकाळी आमची बेल वाजली. आजोबा दारात उभे, गाल लाल.

"कितवे आलात?" मी विचारलं.

"शेवटून दुसरा," ते म्हणाले. "वीस वर्षं माझा तोच नंबर आहे." आणि बुधवारच्या सरावासाठी पिस्तूल साफ करायला घाईघाईनं खाली गेले.