पासवर्ड तोच आहे

पाडव्याच्या सकाळी बाबांचा फोन आला. "अगं, आईचं काही उघडत नाहीये," म्हणाले.

मी ठाण्यात, माझ्या घरी, ओट्यापाशी उभी. आई उन्हाळ्यात गेलेली, त्यामुळे यंदा ना कंदील ना फराळ. शेजारणीने आणून दिलेल्या चकल्या डब्यात भरत होते. मला वाटलं आईचं कपाट. म्हटलं, किल्ली देवघराच्या खणात आहे, बघा. तर म्हणाले, "कपाट नाही. कॉम्प्युटर. रेकॉर्डिंग्ज." आणि पुढे, "आज पाडवा ना. म्हटलं तिचा आवाज ऐकावा."

पाडव्याला आई त्यांना ओवाळायची. ओवाळतानाही तोंड चालूच. सरळ बसा, टोपी कुठेय, हसायला काय झालं. दुपारी मी डोंबिवलीला त्यांच्याकडे पोचले तर बाबा आंघोळ करून, टोपी घालून कॉम्प्युटरसमोर बसलेले. सकाळपासून तसेच.

रेकॉर्डिंग्जची भानगड आधी सांगते. बाबा कारखान्यात तपासणी खात्यात होते, आणि निवृत्त झाले तरी तपासणी काही सुटली नाही. आईचे पदार्थ नीट नोंदवून ठेवले पाहिजेत, असं त्यांनी शेवटच्या काही वर्षांत डोक्यात घेतलं. ती ओट्याशी, हे मागे मोबाइल धरून उभे. आता आईने जन्मात कुठला पदार्थ मापाने सांगितलाय? "अंदाजाने घालायचं," म्हणायची, आणि पाठोपाठ, "तो मेला फोन बंद करा आधी." हे बंद करत नसत. संध्याकाळी केबल लावून सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचे, मोबाइलमधून उडवून टाकायचे, कारण फोन हँग होतो म्हणे, आणि प्रत्येक फाइलला नाव द्यायचे. 'भरली वांगी, मसाला सांगताना चिडली.' 'अळूवडी, मध्येच बेल वाजली.' 'काही नाही, नुसतीच बडबड.' आम्ही त्या नावांना हसायचो. आईकडे बटणांचा साधा फोन, मेसेज वगैरे तिने कधी पाठवले नाहीत. घरातल्या लग्नांच्या व्हिडिओत ती दिसते, पण वर सगळीकडे सनई. म्हणजे तिचा आवाज जो काय उरला होता, तो त्या एका फोल्डरात होता.

तर त्याच फोल्डरातल्या दोन फायली नातवंडांनी मे महिन्याच्या सुट्टीत उडवलेल्या. गेमला जागा हवी होती. बाबा ओरडले नाहीत, ते ओरडत नाहीत. त्यांनी मुलांना वेगळं अकाउंट काढून दिलं, आणि आपल्या फोल्डरवर कुलूप घातलं. कुलूप म्हणजे कुठे तरी आत जाऊन एक टिक करायची असते. ती केली की प्रत्येक फाइलच्या कोपऱ्यावर छोटंसं कुलपाचं चित्र येतं. ते चित्र त्यांनी मला कौतुकाने दाखवलेलं. "आता बघतोच कोण हात लावतो." तेव्हा खाली कोपऱ्यात एक चौकट येत राहायची, की या कुलपाची चावी वेगळी जपून ठेवा म्हणून. बाबा ती दर वेळी बंद करायचे. त्यांच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर सायबर फसवणुकीवर व्याख्यान झालेलं, त्यात सांगितलेलं, की आपोआप काही वर आलं तर त्याला शिवायचं नाही. व्याख्यानात सांगितलेली गोष्ट तंतोतंत पाळणारा माणूस आमच्याच घरात असायचा होता.

आणि मग दिवाळीची साफसफाई. आमच्याकडे कित्येक वर्षांचा रिवाज. आई माळ्यावरची भांडी काढून घासायला बसली, की बाबा कॉम्प्युटर काढायचे. ब्रशने पंख्याची धूळ, ओल्या फडक्याने कीबोर्ड, आणि शेवटी ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावून फॉरमॅट. विंडोज नवं टाकायचं, आणि सामान सगळं डिस्कच्या दुसऱ्या भागात असतं, त्याला धक्का लागत नाही. खरंच कधी लागला नव्हता. पण ते कुलूप मे महिन्यात लागलेलं. त्यानंतरची ही पहिली दिवाळी.

मी तापले. म्हटलं, "कोणी सांगितलेलं यंदा फॉरमॅट करायला? घरात सण नाही, काही नाही."

"सण नसला तरी साफसफाई करतात," बाबा म्हणाले. "यंदा भांडी कोणी काढली नाहीत. म्हटलं माझ्या वाटणीचं तरी व्हावं."

मी खुर्ची ओढून बसले.

फोल्डर दिसत होतं. उघडतही होतं. आत सगळ्या फायली ओळीने, नावांसकट, कोपऱ्यावर कुलूप. एकीवर क्लिक केलं की पाटी यायची, परवानगी नाही. बाबांनी प्रत्येक फाइलवर क्लिक करून बघितलेलं. "पासवर्ड तोच आहे," ते सारखं म्हणत होते. "अकाउंटचं नाव तेच ठेवलंय, पासवर्ड तोच आहे. मी विसरलेलो नाही." कोणी त्यांना विसरलात म्हणत नव्हतं.

मी इंटरनेटवर वाचून वाचून जे जमेल ते केलं. फायलींची मालकी आपल्या नावावर करून घ्यायची सोय असते. ती केली. कॉम्प्युटरने मुकाट्याने मालकी दिली. परवानग्या सगळ्या घेतल्या, त्याही दिल्या. मालक मी, हक्क सगळे माझे, आणि फाइल उघडायला गेलं की पुन्हा तीच पाटी. कोर्टात केस जिंकावी आणि फ्लॅटचा ताबा मिळू नये, तसलं. ज्याने फॉरमॅट केलं त्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तो बिचारा घाबरला. मी दर वर्षी जे करतो तेच केलं, म्हणाला, आणि ते खरंच होतं.

मग ठाण्यात टेंभी नाक्याजवळ डिस्कमधला गेलेला डेटा काढून देणारं एक दुकान आहे असं कळलं. मी म्हटलं मी घेऊन जाते, तर बाबा म्हणाले मी येणार. कॅबमध्ये त्यांनी सीपीयू मांडीवर घेतला, आईच्या जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून. डिकीत ठेवू दिला नाही. शीळफाट्याला नेहमीसारखी गाडी हलेना, ऊन नेमकं त्यांच्या बाजूला, आणि हे दोन्ही हात त्या बोचक्याभोवती धरून बसलेले. माझी मुलगी लहानपणी तापाने फणफणली, तेव्हा आई तिला असंच धरून बसलेली रिक्षात. मला तो माणूस बघवेना. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

दुकान एका बाईंचं. माझ्याच वयाच्या असतील. सीपीयू दोन दिवस ठेवून घेतला, मग बोलावलं. आम्ही दोघं गेलो. त्यांनी बाबांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, तेव्हाच मी काय ते ओळखलं.

"काका, तुमच्या डिस्कला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "फायली धडधाकट आहेत. एकही खराब नाही."

बाबांचा चेहरा असा उजळला, की मला त्या बाईंचा राग आला.

"पण उघडणार नाहीत. चावी जुन्या विंडोजच्या आत होती. फॉरमॅट झालं तेव्हा ती गेली, आणि नवं विंडोज नेमकं तिच्या जागेवर बसलं. काही तुकडे उरलेत का, तेही बघितलं मी. नाहीत."

"पासवर्ड तोच आहे," बाबा म्हणाले.

"हो काका. पण पासवर्ड म्हणजे चावी नव्हे. चावी ज्या पेटीत होती, त्या पेटीचा तो पासवर्ड. पेटीच गेली."

बाबांनी मान हलवली. त्यांना समजलं होतं, चांगलंच समजलं होतं. ते कारखान्यातले, त्यांना एकदा कारण कळलं की पुन्हा विचारत नाहीत. त्यांनी चादरीची घडी घातली. बाईंनी अख्ख्या डिस्कची एक कॉपी करून दिली, पुढेमागे काही उपाय निघाला तर असू दे म्हणाल्या. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय. ती कॉपी माझ्या कपाटात आहे. मधूनमधून मी उपाय निघालाय का बघते. निघालेला नाही, आणि त्या बाईंचा आवाज आठवला की वाटतं, आमच्या हयातीत निघायचाही नाही.

त्यानंतर मी दर रविवारी डोंबिवलीला जायला लागले. बाबा आता क्लिक करत नाहीत. फोल्डर उघडून नावं वाचतात आणि ती काय म्हणालेली ते मला सांगतात. भरली वांगी. अळूवडी. सुरुवातीला जसंच्या तसं सांगायचे, तिच्या सुरात, 'मेला फोन'सकट. हल्ली दर वेळी थोडं वेगळं सांगतात. परवा आईच्या तोंडी 'एक चमचा धणे' घातले. आई आणि चमचा.

त्याच दिवशी यादी खाली सरकवताना मला एक नाव दिसलं. आधी कधी लक्ष गेलं नव्हतं. 'मुलीबद्दल बोलली.'

आईला एकच मुलगी. मी विचारलं, "काय म्हणाली होती?"

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आठवत नाही गं."

"असं कसं? तुम्ही तिथेच उभे होतात ना?"

"उभा होतो. पण मोबाइलवर ती रेघ वर-खाली होते ना, ती बघत होतो. आवाज नीट येतोय का ते." मग हळूच म्हणाले, "म्हटलं, बोलणं काय, नंतर ऐकता येईल."

मला राग आला. कुणाचा आला ते सांगता येणार नाही. आईनं माझ्याबद्दल माझ्या तोंडावर कधी बरं म्हटलं नाही, वाईटही फारसं नाही. मला ते हवं होतं, एवढंच. समोर होतं, धडधाकट होतं, आणि ते ऐकलेला एकुलता एक माणूस माझ्या शेजारी बसलेला, पण त्याला ते आठवत नव्हतं.

बाबांनी माउस हातात घेतला. मला वाटलं बंद करतायत. त्यांनी बाण हळूहळू उजवीकडे नेला, जिथे फाइल केवढी आहे ते लिहिलेलं असतं.

"सगळ्यांत मोठी हीच आहे," म्हणाले. "बरंच बोललेली दिसते."