गंगाक्कांच्या गायीच्या दोन रक्तचाचण्या

मंडळी, आज धारवाडच्या आमच्या पशू-प्रयोगशाळेतून मी खुशीत घरी आले.

जुन्या हुबळीच्या गंगाक्कांनी नवी गाय घेतली. आमच्याकडच्या चाचणीत तिच्या रक्तात लाळ्या-खुरकुताच्या, म्हणजे जनावरांच्या तोंडा-खुरांच्या साथीच्या आजाराच्या अँटिबॉडी निघाल्या, तेव्हा त्यांचे दीर शिवप्पा घाबरले. म्हशींना लागण होईल म्हणून गायीला गोठ्यात घेईनात.

मी त्यांना सांगितलं, "चाचणी बरोबर आहे. पण लस टोचली तरी या अँटिबॉडी येतात, आजार झाला तरी येतात. कशामुळे आल्या, ते या चाचणीत कळत नाही."

मग त्याच रक्ताची दुसरी चाचणी केली. तिच्यात फक्त आजारामुळे येणाऱ्या अँटिबॉडी दिसतात. आज निकाल आला, तशा अँटिबॉडी नाहीत. पहिल्या चाचणीत दिसल्या त्या लसीच्याच.

निकाल घ्यायला दीर-भावजय दोघं प्रयोगशाळेत आले होते. शिवप्पांनी दोन्ही कागद पुन्हा पुन्हा पाहिले. मग हळूच म्हणाले, "वैनी, गोठ्यात घ्या तिला. माझ्या म्हशीशेजारी बांधू." गंगाक्कांनी डोळे पुसले.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "डॉक्टरबाई, आज गायीनं पान्हा चोरला नाही बघा. बाहेर बांधली होती तेव्हा दूध आखडून धरायची."

तुमच्याकडे जनावराच्या रक्ताचा निकाल आला, की तो नीट समजावून सांगणारं कुणी असतं का?